सपाट पन्नास यार्ड

बार्थेल इंडेक्स नावाचा एक तक्ता आहे. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये डॉ. फ्लोरेन्स महोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल यांनी तो १९६५ साली प्रसिद्ध केला. पुनर्वसन रुग्णालयांत तो आजही रोज भरला जातो. दहा बाबी, शंभर गुण. आपल्या हाताने जेवता येतं का, खाटेवरून खुर्चीत जाता येतं का, अंघोळ, कपडे, लघवी, शौच, जिने. जेवणाच्या बाबीत पावाला लोणी फासण्याचा उल्लेख आहे. आणि एक बाब चालण्याची: सपाट जागेवर पन्नास यार्ड, म्हणजे साधारण पंचेचाळीस मीटर, कुणाच्या आधाराशिवाय चालता आलं तर पंधरा गुण. चाकाच्या खुर्चीवरून तेवढंच अंतर कापलं तर पाच.

फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन या शाखेत एम.डी. करायला आलेल्या रेसिडेंटच्या हातात हा तक्ता अगदी सुरुवातीला पडतो. मीही तो वॉर्डात खाटेखाटेपाशी बसून भरला आणि भरताना मला सारखं वडिवळं दिसायचं. वडिवळं माझं आजोळ. कामशेतहून नाणे मावळात आत शिरलं की कुंडली नदीवरचं धरण आणि त्याच्या आसऱ्याचं गाव. तिथे सपाट पन्नास यार्ड हवे असतील तर धरणाच्या भिंतीवरच जावं लागेल. उरलेलं सगळं चढ-उतार, बांध, दगडी पायऱ्या आणि वर्षातले चार महिने चिखल. शेजारच्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्यातला चांगला वाटा आमच्या खाचरांच्या नशिबी येतो.

तक्त्याबद्दल मला आदर आहे, हे आधी सांगते. माणसाला किती करता येतं हे मोजायचा धीर त्याने वैद्यकाला दिला. अशा तक्त्यांआधी रुग्ण बरा झाला किंवा झाला नाही, बहुतेकदा एवढ्या दोनच नोंदी असत. मधल्या सगळ्या जागेला, जिथे असंख्य माणसं आयुष्य काढतात, तिला आकडा मिळाला तो अशा तक्त्यांमुळे. पण तक्ता रुग्णालयात भरला जातो आणि माणूस घरी राहतो. आमच्या शिक्षणातली सगळ्यात मोठी फट मला इथे दिसते.

या शाखेला येणारे थोडे. तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत नातेवाइकांना शाखेचं नाव सांगून सांगून थकायला होतं. हाडांची डॉक्टर का, मालिशचं शिकतेस का, असं विचारतात. खरं काम असं असतं: अपघातानंतर, पक्षाघातानंतर, पाय कापल्यानंतर, मेंदूला मार लागल्यानंतर, जन्मापासूनच्या सेरेब्रल पाल्सीत, जे शरीर उरलंय त्याच्याकडून जास्तीत जास्त जगणं कसं काढायचं. त्यासाठी डॉक्टर एकटा पुरत नाही. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कृत्रिम पाय आणि कॅलिपर बनवणारे तंत्रज्ञ, वाचा-उपचार करणारे, मानसतज्ज्ञ, समाजसेविका, सगळे एका टेबलाभोवती बसतात. इतर शाखांत राउंडला प्राध्यापक बोलतात आणि बाकीचे ऐकतात. इथे पट्टे शिवणारा कारागीरही हात वर करून म्हणतो, "मॅडम, हा बूट त्याला घट्टा पाडणार." आणि त्याचं ऐकलं जातं. शिकाऊ डॉक्टरला मोठं करणारी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

मणक्याला इजा झालेल्या माणसाची तपासणी मला अजून या शाखेची खरी दीक्षा वाटते. सेफ्टी पिन आणि कापूस एवढंच साहित्य. शरीराच्या प्रत्येक बाजूला अठ्ठावीस ठिकाणी आधी कापूस टेकवायचा, मग पिन. डोळे मिटायला सांगायचं आणि विचारायचं, टोचतंय का बोथट लागतंय. स्तनाग्रांच्या पातळीवर छातीचा चौथा मज्जाखंड, बेंबीशी दहावा. मग प्रत्येक बाजूचे दहा स्नायू, शून्य ते पाच गुण: कोपर वाकव, मनगट उचल, बोटं पसर, मांडी उचल, गुडघा ताठ कर, पाऊल वर घे, अंगठा वर, पाऊल खाली दाब, असं एकेक. सगळ्यात शेवटी गुदद्वाराभोवतीची संवेदना आणि तिथली पकड. नवा रेसिडेंट नेमका इथे संकोचतो, आणि नेमकी ही जागा सांगते की मज्जारज्जू पूर्ण तुटल्यासारखा आहे की काही धागे शिल्लक आहेत. तिथे थोडीशी जाणीव असली तरी पुढच्या वर्षाचा अंदाज बदलतो.

या तपासणीला बराच वेळ लागतो आणि तेवढा वेळ रुग्ण आपल्या चेहऱ्याकडे बघत असतो. डोळे मिट म्हटलं तरी मधेच उघडतो. बेंबीच्या खाली आलो की त्याची उत्तरं उशिरा येऊ लागतात. काही जण अंदाजाने "हो" म्हणतात, कारण "नाही" म्हणायचं नसतं. पिन टेकवलेलीच नसताना "हो" आलं की मान वर करून त्याच्याकडे बघणं फार अवघड जातं. पुस्तकात या क्षणाबद्दल एक ओळ नसते. आमच्या एका ज्येष्ठ शिक्षिकेने मात्र दोन गोष्टी शिकवल्या. पहिली: वाईट बातमी उभं राहून सांगायची नाही. स्टूल ओढायचं, बसायचं, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला यायचं. दुसरी: "पाय परत येतील असं दिसत नाही" हे वाक्य एकटं सोडायचं नाही. पुढचं वाक्य तयार ठेवूनच ते उच्चारायचं. तीन महिन्यांत तुम्ही स्वतः खुर्चीत बसाल, सहा महिन्यांत एकटे एस.टी.ने प्रवास कराल, असं काहीतरी जे खरं आहे आणि आपल्याला करून दाखवता येईल. "बघू या" म्हणून सुटका करून घेणारे डॉक्टर रुग्णाला महिनोन्‌महिने गंडे-दोरे, अंगारे आणि महागड्या इंजेक्शनांच्या दारात उभं करतात. खरं सांगणं ही या शाखेतली पहिली उपचारपद्धती आहे असं मी मानते.

हे सगळं शास्त्र फार जुनं नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणका तुटलेला सैनिक म्हणजे काही महिन्यांचा सोबती, असंच धरून चालत. अंगावर जखमा पडत, मूत्रमार्गात जंतू शिरत आणि माणूस जाई. नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेले डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ साली स्टोक मँडेव्हिल इथे या सैनिकांचा वॉर्ड उघडला आणि दर दोन तासांनी कूस बदलायचा नियम घातला. रात्रीही. या नियमात औषध कुठलंच नव्हतं. नवा होता तो माणूस जगणारच आहे असं गृहीत धरण्याचा हट्ट. १९४८ मध्ये त्यांनी खुर्चीवरच्या रुग्णांच्या स्पर्धा भरवल्या, त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिंपिकमध्ये भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्यातले जवान. जलतरण त्यांनी हाती घेतलं ते आधी उपचार म्हणून.

पुण्याला हा इतिहास घरचाच आहे. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पहिल्या महायुद्धातल्या जखमी जवानांना हातचं काम शिकवण्यासाठी १९१७ साली निघाली. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४ चं. मुंबईत मात्र या शाखेला जन्म दिला तो युद्धापेक्षा पोलिओने. फातेमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि उपचारासाठी वणवण करताना त्यांच्या लक्षात आलं की इतर मुलांच्या आयांना जायला जागाच नाही. त्यांनी १९४७ मध्ये मुंबईत दवाखाना सुरू केला. १९५० मध्ये के.ई.एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय काढलं. या मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्या झाल्या. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ ची, आणि या विषयातले एम.डी. तिथे आजही घडतात. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांची गोष्ट तर प्रत्येक रेसिडेंटने पाठ करावी. १९५४ च्या मोटार अपघातात त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले. त्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या, न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्याकडे शिकून आल्या आणि १९६६ मध्ये त्यांनी वेल्लोरला रुग्णांनी राहायचं पुनर्वसन केंद्र उघडलं. शस्त्र हातात घेणाऱ्या आणि खुर्चीत बसणाऱ्या, दोन्ही त्याच.

निर्वासित, आई, सून होऊन आलेली परदेशी बाई, स्वतः जखमी झालेली डॉक्टर. ही शाखा अशा लोकांनी बांधली, ज्यांनी आजारी माणसाच्या घरातून रुग्णालयाकडे पाहिलं. आम्ही मात्र तिचं शिक्षण रुग्णालयाच्या फाटकाशी संपवतो.

वडिवळ्याचे एक मामा दुसऱ्या वर्षात माझ्या वॉर्डात आले. आजोळच्या गावात सगळेच मामा. मी केसपेपरवरचं गाव वाचलं आणि त्यांनी माझं बोलणं ऐकलं. "तू खालच्या आळीतल्या म्हातारीची नात ना गं?" म्हणाले. ज्येष्ठाच्या तोंडावर जांभळं उतरवायला झाडावर चढले होते. जांभळीची फांदी ठिसूळ, भरवसा देत नाही. कंबरेचा पहिला मणका चिरडला. शस्त्रक्रिया झाली, सळया बसल्या, आणि नळी घालून, "व्यायाम करत राहा" असं सांगून त्यांना घरी धाडलं गेलं. कुठले व्यायाम, हे कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे आले तेव्हा माकडहाडावर तळहात मावेल एवढी जखम होती. खेड्यातून येणारी मणक्याची बहुतेक माणसं अशीच येतात, इजेपेक्षा नंतरच्या जखमेने जास्त खचलेली. झाडावरून पडणं, विहिरीत पडणं, रस्त्यावरचे अपघात, ही आमच्या मावळातली कारणं. जुना महामार्ग, द्रुतगती मार्ग आणि लोहमार्ग तिन्ही मावळातूनच जातात.

जखम भरायला फार काळ गेला. मग मामा शिकले. दोन्ही हातांनी खुर्चीच्या बाजू दाबून ढुंगण उचलून धरायचं, दर पंधरा-वीस मिनिटांनी. फळीवरून घसरत खाटेवरून खुर्चीत. आरशात पाठ आणि टाचा रोज बघायच्या, कारण तिथे दुखलेलं मेंदूला कळत नाही. दर चार ते सहा तासांनी स्वतःच स्वच्छ नळी घालून लघवी काढायची आणि नळी काढून टाकायची. ही साधी पद्धत डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये मांडली आणि तिने मूत्रपिंड वाचवून मणक्याच्या रुग्णांचं आयुष्य जेवढं वाढवलं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने वाढवलं असेल. मामांना सुरुवातीला शरम वाटे. वॉर्डातल्याच एका तरुण रुग्णाने त्यांना शिकवलं. डॉक्टरकडून जे शिकता येत नाही ते शेजारच्या खाटेवरून येतं, हे पुनर्वसनाच्या वॉर्डात रोज दिसतं.

घरी सोडण्याआधी टीम मीटिंग असते. त्यात रुग्णाला विचारायचं, घरी गेल्यावर काय करायचंय. बहुतेक जण चालायचंय म्हणतात. मामा म्हणाले, "लावणीला बसायचंय."

टेबलाभोवतीच्या निम्म्या लोकांना काही कळेना. मग मी सांगत गेले. उन्हाळ्यात राब भाजतात, त्या भाजल्या वाफ्यात रोप टाकतात, आषाढात ते रोप चिखलात बसून उपटायचं, जुड्या बांधायच्या, चिखलणी केलेल्या खाचरात फेकायच्या आणि मग वाकून ओळीने लावायचं. गाव त्या दिवसांत एकमेकांच्या शेतात असतं. जो लावणीला नाही तो आजारी किंवा परगावी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ आज शहरातल्या दुकानांत सुवासाने ओळखतात. तो ज्या हातांनी लावला जातो त्यांच्यात आपले हात असावेत, एवढंच मामांचं मागणं होतं. तक्त्यात याला बाब नाही. तक्त्यावर त्यांना सत्तर गुण होते आणि कागदोपत्री ते चांगले मानले जातात.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट तयारीची होती. तिने विचारलं, "बसायची जागा ओली असणार का?" ओली म्हणजे भिजलेली, पाण्यात बुडालेली. ज्या कातडीला जाणीव नाही ती ओलीत तासभर राहिली की भिजून पांढरी पडते आणि घासलं की सोलते. जखम पुन्हा, महिने पुन्हा. वैद्यकीय उत्तर सरळ होतं: नको. पण नको म्हणून पाठवलेला माणूस घरी जाऊन एक दिवस चिखलात बसणारच, आणि तेव्हा सांगायला आपण तिथे नसणार. त्यापेक्षा कसं बसायचं हे शोधणं हिताचं.

दिवाळीत आजोळी गेले तेव्हा मोजपट्टी बरोबर नेली. हा भाग माझ्या अभ्यासक्रमात नव्हता, परीक्षेत विचारला जाणार नव्हता. मामांचं घर उतारावर, मावळात असतं तसं. पुढे दोन फूट उंच ओटा. खुर्चीसाठी उताराचं प्रमाण एकास बारा धरतात, म्हणजे दोन फूट चढायला चोवीस फुटांचा उतार हवा. ओट्यापासून रस्त्यापर्यंत अंगण होतं दहा फुटांचं, त्यात तुळस. वॉर्डात बसून मी नुसतं "रॅम्प करून घ्या" असं लिहून दिलं असतं तर तो कागद तसाच राहिला असता.

घराला वळसा घालून मागे गेले. डोंगराच्या बाजूने जमीन चढत आलेली, त्यामुळे परसदार जमिनीशी जवळजवळ सपाट. चार बोटांचा उंबरा तेवढा. उंबरा काढला आणि दार थोडं रुंद केलं की खुर्ची थेट माजघरात. न्हाणीही त्याच बाजूला. शौचालय मात्र दूर, भारतीय पद्धतीचं, दार आत उघडणारं आणि खुर्ची आत जाऊन दार लागणार नाही इतकं अरुंद. ते दार बाहेर उघडणारं करायचं, लोखंडी खुर्चीला भोक पाडून ती भांड्यावर ठेवायची. अर्ध्या दिवसात सगळं मनात बसलं. मी मामांना आनंदाने सांगितलं.

मामा म्हणाले, "मागच्या दारानं? माझ्याच घरात मी मागच्या दारानं शिरू? ते दार शेण-गवऱ्यांचं."

मामी काही बोलल्या नाहीत. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारणं, पाहुण्याला "या, बसा" म्हणणं, पंचायतीच्या गोष्टी करणं, हे मामांचं माणूसपण होतं. मागच्या दाराने ते घरात आले असते, गावात आले नसते. वैद्यकीय भाषेत आम्ही याला सहभाग म्हणतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली केलेल्या वर्गीकरणात त्यासाठी वेगळा रकाना आहे. पण रकान्याला उंची नसते. ओट्याला असते.

शेवटी असं ठरलं: आधी परसदार, कारण पावसाळ्याच्या आत काहीतरी व्हायला हवं. पुढचा ओटा नंतर.

मामींबद्दल इथे लिहायलाच हवं. वॉर्डात त्यांची नोंद "नातेवाईक" अशी होती. घरी त्या रात्री दोनदा-तीनदा उठून मामांची कूस वळवत होत्या, मोबाइलवर गजर लावून. गुटमानचा नियम मावळातल्या एका माजघरात एक बाई एकटी पाळत होती. दिवसा गुरं, शेत, चूल. त्यांची स्वतःची कंबर गेली होती आणि त्यांना कुणी तपासलं नव्हतं. पुनर्वसनाच्या रेसिडेंटला उचलण्याची पद्धत शिकवतात: गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, रुग्ण अंगाशी धरा. ही पद्धत मामींना शिकवण्यात आम्ही वॉर्डात घालवलेला वेळ फारच तोकडा होता. माझ्या मते प्रत्येक केसपेपरवर दुसरं नाव सांभाळणाऱ्याचं असावं, त्याच्या पाठीच्या, झोपेच्या आणि जेवणाच्या नोंदीसकट. घराघरांतलं पुनर्वसन बायकांच्या कंबरेवर उभं आहे आणि आमच्या पुस्तकांना त्याचा पत्ता नाही.

मग पाऊस. नदीवरच्या बुटक्या पुलांवरून पाणी जायला लागलं की या खोऱ्यातल्या गावांची वाट अडते. अशा वेळी लघवीच्या नळ्या संपल्या तर? म्हणून आगोटीची बेगमी करताना सरपण, मीठ, मिरचीबरोबर नळ्या, गॉज आणि जंतुनाशकही भरायचं, असं मामींनी ठरवलं. ही सूचना माझी नव्हती, त्यांची होती. पुढे मी ती प्रत्येक खेड्यातल्या रुग्णाला सांगत आले.

आषाढात मामा लावणीला बसले. खाचरात नाही, बांधावर. लाकडी पाटावर प्लास्टिक, त्यावर मोटारीच्या ट्यूबची गादी, वर कोरडं कापड. बायका रोप उपटून त्यांच्या पुढ्यात टाकत आणि ते जुड्या बांधत. वीस मिनिटं झाली की पुतण्या हाक मारी आणि मामा हातांवर अंग उचलून धरत. घरी गेल्यावर आरसा. कातडी कोरडी होती. जुडी बांधणं हे खरं काम आहे, कुणाच्या दयेने दिलेलं नाही. बांधणारा हात चुकला तर फेकताना जुडी सुटते आणि लावणाऱ्यांचा खोळंबा होतो. मामांच्या जुड्या सुटल्या नाहीत.

शेतातल्या अशाच कामाचा विचार त्यात आहे म्हणून मला जयपूर फूट या कृत्रिम पायाचा फार अभिमान वाटतो. कारागीर रामचंद्र आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास तो बनवला. तोवर मिळणारं परदेशी पाऊल बुटाशिवाय चालत नसे, चिखलात कुजे, आणि उकिडवं बसायचं म्हटलं की अडे. या दोघांनी रबराचं असं पाऊल केलं की माणूस अनवाणी चालेल, मांडी घालेल, उकिडवा बसेल, भिजेल. पावाला लोणी लावणाऱ्याचा दिवस बाजूला ठेवून त्यांनी शेतकऱ्याचा दिवस पुढ्यात घेतला. रेल्वेखाली पाय गेलेली कितीतरी माणसं अशा पावलांवर भाताच्या बांधावरून चालतात. शाखेला आपल्या मातीत रुजवायचं म्हणजे काय, ते यात आहे.

आता पदव्युत्तर शिक्षणात तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काढणं सगळ्या रेसिडेंटना बंधनकारक झालं आहे. बरेच जण या काळाकडे अभ्यासातला खंड म्हणून पाहतात. आमच्या शाखेच्या मुलांनी तो सुवर्णकाळ मानावा. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांबरोबर बसावं, त्यांना सांगावं की छातीच्या सहाव्या मज्जाखंडाशी किंवा त्याच्या वर इजा झालेला माणूस डोकं फुटतंय म्हणाला, घामाघूम झाला आणि रक्तदाब एकदम चढला, तर आधी त्याला उठवून बसवा आणि नळीला पीळ पडलाय का, मूत्राशय तुंबलंय का ते बघा. जीव तिथे वाचतो. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, पण चाळीस टक्क्यांच्या दाखल्यासाठी जिल्ह्याच्या गावी खेटे घालणाऱ्या बाईला एस.टी.त कोण चढवतं, ते या मुलांनी डोळ्यांनी बघावं. आशाताईंबरोबर वाडीवर जावं. आणि मोजपट्टी बरोबर असावी.

माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलामुलींना मी तक्ता पूर्ण भरायला लावते, दहाच्या दहा बाबी, एकही सैल नाही. मग कागद उलटा करायला सांगते. मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचं: हा माणूस अपघाताआधी सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय करत होता, कुठे बसत होता, कुणाशी बोलत होता. मुंबईत वाढलेल्या मुलांना आधी हे जड जातं. एकीने मला विचारलं, "राब म्हणजे काय ते रुग्णालाच विचारू का?" त्यालाच विचार म्हटलं. ती बराच वेळ त्या खाटेपाशी बसली. परत आली तेव्हा कागद भरला होता आणि रुग्ण आधीपेक्षा जास्त बोलत होता.

वडिवळ्याचा पुढचा ओटाही झाला. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, त्यातून थोडे पैसे आले, बाकीचं काम आळीतल्या पोरांनी केलं. ओटा एका अंगाने निम्मा उतरवला, तुळस कोपऱ्यात हलवली आणि उतार दोनदा वळवून अंगणात बसवला. एकास बाराचं प्रमाण काही साधलं नाही, एकास दहा झालं. मामांच्या दंडांना ते पुरतं. शिबिरातून त्यांना हाताने चालवायची तीनचाकी मिळाली आहे. तिच्यावरून ते कामशेतच्या बाजाराला पुतण्याला बरोबर घेऊन जातात. आता त्यांना तुकाराम बीजेला देहूला जायचंय, एकट्याने, कुणी ढकलायला नको. चढाला दम लागतो तो प्रश्न नाही, असं ते म्हणतात. उताराला ब्रेक एकाच चाकाला लागतो आणि गाडी वळते. कामशेतच्या वेल्डरने दुसऱ्या चाकालाही ब्रेक बसवून द्यायचं कबूल केलंय. फाल्गुनाच्या आधी गाडी हातात येईल, आणि बांधलेल्या ब्रेकची पहिली चाचणी मामा धरणाच्या भिंतीवर घेणार आहेत.